मानेला बसलेला झटका आणि नुकसानभरपाईचा हक्क

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासात या विहारात धम्मावर प्रवचने होतात, आणि ती करणारे माझ्याहून कितीतरी अधिकारी लोक आहेत. कार्यकारिणीने मला बोलावले तेव्हा "तुमच्या नोकरीतले काहीतरी उपयोगाचे सांगा" एवढेच सांगितले. माझी नोकरी कोर्टात झाली, आणि तिच्यातली बरीचशी वर्षे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या कार्यालयात गेली. मी वकील नाही, डॉक्टर तर नाहीच. फायलींना दोरी बांधणारा माणूस. पण फायलीत कोणता कागद नसला म्हणजे गरिबाचा दावा बुडतो, हे मात्र मला पक्के ठाऊक झालेले आहे. आज त्याबद्दलच बोलावयाचे आहे. तेही एकाच दुखापतीला धरून, कारण ती दुखापत दिसत नाही आणि म्हणून सर्वांत जास्त बुडते.

आधी एक कबुली देतो. २०१५ साली, मी निवृत्त झाल्यावर थोड्याच महिन्यांनी, आपल्या वसाहतीतल्या एक ताई रिक्षातून येत होत्या. रिक्षा सिग्नलला उभी असताना मागून एका टेम्पोने ठोकले. रक्त नाही, हाड मोडले नाही. ताई स्वतः उतरून घरी चालत आल्या. टेम्पोवाला आपलाच माणूस निघाला, वसाहतीतल्या एका घरचा जावई. त्याच रात्री याच विहाराच्या ओट्यावर आम्ही पाच-सातजण बसलो. त्याने हात जोडले, कर्जाची गाडी आहे म्हणाला, पोलिसात जाऊ नका म्हणाला. पाच हजार रुपये द्यायचे ठरले. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर "माझी कोणतीही तक्रार नाही" असे लिहून ताईंची सही घेतली. लिहिणाऱ्याचे अक्षर चांगले होते म्हणून सगळ्यांनी वाखाणले. मी तिथेच बसलो होतो. मला सर्व माहीत होते, आणि मी बोललो नाही. आपल्याच माणसाला कशाला अडचणीत आणा, असे मलाही वाटले.

तिसऱ्या दिवशी ताईंची मान वळेना. पुढे डोके दुखणे, खांद्यात कळ, आणि काही आठवड्यांनी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या. त्या शिवणकाम करीत. शिवणयंत्रावर मान खाली घालून सहा-सात तास बसणे हाच त्यांचा रोजगार. ते काम निम्म्यावर आले, आणि ते आजतागायत निम्म्यावरच आहे.

हे असे का होते, ते समजून घेतले पाहिजे. गाडीला मागून धक्का बसला की शरीर आसनाबरोबर पुढे ढकलले जाते, पण डोके जागच्या जागी मागे राहते, आणि मग एकदम पुढे फेकले जाते. आसूड ओढावा तसा मानेला हिसका बसतो. इंग्रजीत तिला व्हिपलॅश म्हणतात. व्हिप म्हणजे चाबूक. आपले लोक साध्या भाषेत "मानेला झटका बसला" म्हणतात, आणि ते अगदी बरोबर आहे. या हिसक्यात मोडत काहीच नाही. स्नायू, सांध्यांना बांधून ठेवणारे बंध आणि मणक्यांमधले बारके सांधे ताणले जातात. सूज हळूहळू येते. म्हणून वेदना पुष्कळदा त्याच क्षणी न होता काही तासांनी, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते. एक्स-रे काढला तर तो बहुधा स्वच्छ येतो, कारण एक्स-रेमध्ये हाड दिसते, स्नायू दिसत नाही. फार तर "मानेचा नैसर्गिक बाक सरळ झाला आहे" एवढी ओळ रिपोर्टात असते. बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आराम पडतो. काहींना पडत नाही.

१९९५ साली कॅनडातल्या क्वीबेक प्रांताच्या एका तज्ज्ञगटाने या दुखापतीच्या पायऱ्या ठरवून दिल्या, त्या अजूनही वापरात आहेत. नुसते दुखणे ही पहिली पायरी. मान वळवताना अडखळणे, दाबल्यावर ठरावीक जागी दुखणे ही दुसरी. हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा ही तिसरी. हाड मोडणे किंवा निखळणे ही चौथी. आमच्या ताई तिसऱ्या पायरीवर होत्या. पण हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते, कारण त्या डॉक्टरकडे पहिल्यांदा गेल्या त्या अकराव्या दिवशी, आणि केसपेपरवर डॉक्टरांनी फक्त "मानदुखी" लिहिले. अपघाताचा उल्लेख त्यांनीही केला नाही आणि लिहा म्हणून ताईंनीही सांगितले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही घरातले शिकलेले लोक, म्हणून हे तुमच्यासाठी आहे. अपघात झाला, माणूस चालतोबोलतो आहे, तरी त्याच दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात न्या. "अमुक वाजता, अमुक ठिकाणी, मागून वाहनाने धडक दिली" हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्या. एम.एल.सी., म्हणजे पोलिसांना कळवावयाच्या प्रकरणाची नोंद, करून घ्या. दुखणे नंतर सुरू झाले तर पुन्हा जा आणि "अपघातानंतर दोन दिवसांनी सुरू झाले" असेच खरे सांगा. उशिरा दुखणे हा या दुखापतीचा स्वभावच आहे, त्यात लपवण्यासारखे काही नाही. वाहनाचा नंबर पाठ करा, मोबाइलवर दोन्ही वाहनांचे फोटो काढा. पोलिसांत खबर द्या. मेडिकलची पावती, रिक्षाचे भाडे, पट्ट्याची किंमत, फिजिओथेरपीची प्रत्येक खेप, सगळे एका पिशवीत ठेवा. अस्सल पावती ठेवा, झेरॉक्स देत जा. आणि कितव्या तारखेपासून कितव्या तारखेपर्यंत कामावर गेला नाहीत ते वहीत लिहा. माझ्या टेबलावरून गेलेल्या फायलींत अशी वही क्वचितच दिसली. जिथे दिसली तिथे उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाला तिच्यापुढे फारसे काही करता आले नाही.

आता पैसे कोण देतो, या प्रश्नाकडे येतो. आमच्या ओट्यावरच्या बैठकीची खरी चूक इथेच झाली.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, १ जुलै १९८९ पासून तो लागू झाला. रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाचा त्रयस्थ पक्षाचा विमा, ज्याला सगळे थर्ड पार्टी म्हणतात, तो त्यात कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे. तो विमा वाहनमालकाच्या गाडीसाठी नसतो. त्या गाडीने ज्याला इजा होईल त्याच्यासाठी असतो. टेम्पोवाल्याने दरवर्षी हप्ता भरलेला होता. पुढे त्यानेच मला पॉलिसी दाखवली. तारखा पाहिल्या, अपघाताच्या दिवशी ती चालू होती. म्हणजे ताईंना जी रक्कम मिळाली असती ती त्याच्या खिशातून जाणार नव्हती. आम्ही एका गरिबाला वाचवले असे आम्हाला वाटत होते, प्रत्यक्षात वाचली ती विमा कंपनी. पाच हजार मात्र त्या गरिबाचेच गेले.

पोलीस केस झाली असती तर त्याला त्रास झालाच नसता, असे मी म्हणणार नाही. गाडी काही दिवस ठाण्यात अडकते, गुन्हा नोंदतो, तारखा पडतात. चालकाकडे योग्य परवाना नसेल किंवा विमा संपलेला असेल तर भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. हे सर्व खरे आहे. पण हा त्रास आणि एका बाईच्या रोजगाराचा निम्मा भाग, यांची तुलना त्या रात्री कोणी केलीच नाही.

ताईंनी दोन वर्षांनी दावा लावला. त्या काळी दाव्याला मुदतीची अट नव्हती, ती १९९४ साली काढून टाकली होती. तरी दावा फेटाळला गेला. दुखापत खोटी आहे असे न्यायाधिकरण म्हणाले नाही. त्या टेम्पोनेच ती झाली, हे सिद्ध झाले नाही एवढेच म्हणाले. फिर्याद नाही, पंचनामा नाही, एम.एल.सी. नाही, रिक्षावाला गाव सोडून गेलेला. आणि आमचा तो सुंदर अक्षरातला स्टॅम्पपेपर कोणाकडे होता ते शेवटपर्यंत कळले नाही.

आता परिस्थिती अधिक कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ मध्ये सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली, आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. परंतु आपण त्या आशेवर राहू नये. अपघाताच्या दिवसापासून सहा महिने मोजा आणि त्याच्या आत अर्ज द्या. अर्ज अपघात जिथे झाला तिथल्याच न्यायाधिकरणात द्यावा लागतो असे नाही. तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथेही देता येतो. सोलापूरजवळ अपघात झाला आणि तुम्ही ठाण्यात राहता, तर ठाण्यात द्या.

त्याच दुरुस्तीबरोबर काही सोयीही आल्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यावयाचा असतो, आणि तो अहवाल दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ च्या निकालात याची अंमलबजावणी करण्याचे आदेश दिले. म्हणून पोलीस ठाण्यात "साहेब, पहिला अहवाल न्यायाधिकरणात गेला का?" हा प्रश्न नम्रपणे, पण अर्ज देऊन विचारा. अपघातग्रस्तावर नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोख उपचार करण्याची केंद्राची योजनाही ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेली आहे.

दुसरी वाट कलम १६४ ची. तिथे चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. मानेच्या झटक्यात हाड मोडत नाही, मग तो गंभीर कसा, असे तुम्ही विचाराल. व्याख्या वाचा. जुन्या दंड संहितेत वीस दिवस तीव्र शारीरिक वेदना किंवा नेहमीचे काम करता न येणे ही गंभीर दुखापत मानली होती. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ते दिवस पंधरा झाले आहेत. म्हणजे पंधरा दिवस कामावर जाता आले नाही याचा डॉक्टरी कागद असेल तर बोलायला जागा आहे. कागद नसेल तर नाही. मात्र एक सावधगिरी ठेवा. कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. दुखणे लांबणार असेल तर घाईने सही करू नका.

धडक देऊन वाहन पळून गेले आणि नंबरच मिळाला नाही, तर कलम १६१ आहे. गंभीर दुखापतीला पन्नास हजार, मृत्यूला दोन लाख. पूर्वी हे आकडे साडेबारा हजार आणि पंचवीस हजार होते. अर्ज तालुक्याच्या पातळीवरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. आपल्यापैकी फार थोड्यांना हे माहीत असते.

रक्कम कशी ठरते, ते सांगतो, म्हणजे कोणी फसवणार नाही. औषधोपचार, प्रवास, पौष्टिक आहार, बुडालेली मजुरी हा एक भाग. वेदना आणि जगण्यातले हिरावलेले सुख हा दुसरा. आणि कायमची उणीव राहिली असेल तर पुढच्या कमाईचे नुकसान, हा सर्वांत मोठा. या शेवटच्या भागाबद्दल राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितले ते आपल्या कष्टकरी माणसांना फार मोलाचे आहे. डॉक्टरांनी दिलेला अपंगत्वाचा टक्का हाच कमाईच्या नुकसानीचा टक्का नव्हे. डावा हात गेला तर सुतार जवळजवळ पूर्ण बुडतो, कारकून कदाचित तितका बुडत नाही. मानेचेही तसेच. टेबलाशी ताठ बसणाऱ्याची मान आणि डोक्यावरून पाट्या वाहणाऱ्या बाईची मान, वैद्यकीय टक्का एकच असला तरी नुकसान एक नाही. म्हणून साक्षीत "मी शिवणकाम करते" एवढेच सांगून थांबू नका. पूर्वी दिवसाला किती ब्लाउज होत, आता किती होतात, किती वेळाने उठावे लागते, ते सांगा.

समजा, अडतीस वर्षांची बाई आहे, कमाई महिना बारा हजार, म्हणजे वर्षाला १,४४,०००. स्वतंत्र धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून चाळीस टक्के मिळवावेत, असे प्रणय सेठी निकालाने २०१७ साली ठरवले. कायम अपंगत्वाच्या दाव्यातही ही वाढ धरावी, हे २०२० साली स्पष्ट झाले. बेरीज २,०१,६००. कमाईची घट दहा टक्के धरली गेली तर वर्षाला २०,१६०. सरला वर्मा निकालाच्या २००९ च्या तक्त्याप्रमाणे ३६ ते ४० वयाला गुणक १५. म्हणजे ३,०२,४००. औषधे, वेदना, व्याज हे वेगळे. आणि आम्ही ओट्यावर ठरवले होते पाच हजार. जी बाई घरकामच करते तिलाही उत्पन्न नाही असे कोणी म्हणू देऊ नका. गृहिणीच्या श्रमाला किंमत लावावी हे सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ च्या निकालात सविस्तर सांगितले आहे.

विमा कंपनीचे ठरलेले म्हणणे असते की ही झीज वयाची आहे, अपघाताची नव्हे. चाळिशीनंतर एम.आर.आय. काढला तर पुष्कळ धडधाकट माणसांच्या मानेतही झीज दिसते, त्यामुळे हे म्हणणे नेहमीच खोटे असते असेही नाही. उत्तर एकच. अपघातापूर्वी मानेचा उपचार घेतलेला नव्हता, आणि अपघातानंतर सलग घेतला, हे दाखवता आले पाहिजे. त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचीच साक्ष हवी. कोर्टाच्या आवारात भेटणारे तयार सर्टिफिकेट आणू नका. त्याच राजकुमार निकालात अशा सर्टिफिकेटांवर कडक ताशेरे आहेत.

आणि वाढवून सांगू नका. कळ जात नसेल तर जात नाही म्हणा, गेली असेल तर गेली म्हणा. इथे आपण सर्वांनी पंचशील घेतले आहे, त्यातले चौथे शील काय आहे ते मी सांगायला नको. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते खरे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये या दुखापतीचे दावे इतके वाढले, आणि त्यांतल्या अनेकांबद्दल इतका संशय घेतला गेला, की ३१ मे २०२१ पासून कायद्याने दरपत्रकच लावले. दुखणे तीन महिन्यांच्या आत बरे झाले तर तेव्हाचा दर २४० पौंड, आणि वैद्यकीय अहवालाशिवाय तडजोडीला बंदी. खोट्यांमुळे खऱ्यांचेही पैसे आक्रसले.

मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने मला विचारले होते की, काका, मैत्री आणि करुणा सांगणाऱ्या धम्मात दावा लावणे बसते का? मी त्याला म्हटले, टेम्पोवाल्याला क्षमा कर, त्याच्या घरी चहा पी, त्याच्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. दावा त्याच्यावरच्या रागाचा नसतो. बाबासाहेबांनी १९४७ साली "स्टेट्स अँड मायनॉरिटीज" मध्ये विम्याचा धंदा राज्याच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला आयुर्विमा सक्तीचा करावा, अशी मागणी केली होती. विमा ही त्यांच्या दृष्टीने श्रीमंतांची चैन नव्हती. मग त्यातली आपली रक्कम मागताना आपण भीक मागत आहोत असा चेहरा कशाला करावा?

वकिलाच्या फीची भीती असते, तिचेही सांगतो. विधि सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले, अपंग आणि कामगार यांना मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळालेले आहे, तेव्हा जातीचा दाखला घेऊन जा. स्त्रियांना तर तोही लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच त्यांचे कार्यालय असते. "मिळेल त्यात तिसरा हिस्सा माझा" असे सांगणारा वकील भेटला तर तो बार कौन्सिलच्या नियमांविरुद्ध बोलत आहे, हे लक्षात ठेवा. दवाखान्याच्या दारात उभे राहून कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेणाऱ्या दलालांबद्दल मी अधिक बोलत नाही, ते तुम्ही पाहिलेले आहेत. लोकअदालतीत जरूर जा, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. उपचार चालू असताना तिथे सही करू नका.

शेवटचे, आणि हे मंडळाच्या पदाधिकाऱ्यांसाठी. दीक्षाभूमीला, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला आपली माणसे जातात. अजूनही कुठे कुठे मालवाहू टेम्पोत सतरंजी टाकून जातात. स्वस्त पडते, खरे आहे. पण मालवाहू वाहनात फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी त्या वाहनाच्या विमा कंपनीवर येत नाही. २००२ च्या आशा राणी निकालापासून हे स्पष्ट आहे. मालाचा मालक मालाबरोबर असेल तर वेगळे. आपण माल नव्हे आणि मालाचे मालकही नव्हे. तिथे अपघात झाला तर दावा उरतो तो त्या टेम्पोच्या मालकावर, आणि त्याच्याकडे काय असते ते आपणा सर्वांना माहीत आहे. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यानेही गाडीची पॉलिसी एकदा बघावी. नुसती थर्ड पार्टी असेल तर चालवणाऱ्याच्या चुकीने मागे बसलेल्याला झालेली इजा तिच्यात येत नाही, पॅकेज पॉलिसीत येते. या वर्षी प्रवासी परवान्याचीच बस ठरवावी, आणि ठरवताना तिच्या परवान्याची व विम्याची झेरॉक्स मंडळाच्या फायलीला लावावी, अशी माझी विनंती आहे. वर्गणी माणशी शे-दीडशेने वाढली तर वाढू द्या.

त्या ताई आज इथे आलेल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे सांगितले. "नाव घेऊ नका, बाकी सगळे सांगा" असे त्या म्हणाल्या. ज्यांच्या घरी अपघाताचे कागद पडून आहेत त्यांनी पुढच्या रविवारी सकाळी वंदनेनंतर ते घेऊन यावे. मी ओट्यावर बसलेला असेन.

जयभीम.